गाईला चालतं ते कुत्र्याला चालेलच असं नाही

पत्र: माझा मावसभाऊ पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत ब्रूइंगच्या कामाला आहे. शनिवारी रात्री घरी येताना तो बिअर काढून उरलेल्या बार्लीच्या चोथ्याची आठ किलोची बादली आणतो. आमच्याकडे दोन कुत्री आहेत, 28 किलोचा लॅब्रडॉर आणि 14 किलोची गावठी मादी. रविवारी दुपारी मी चोथ्यात कणीक आणि शुगर फ्री पीनट बटर घालून बिस्किटं केली, ओटीजीत 180 अंशांवर 25 मिनिटं भाजली. दोघांनी आवडीनं खाल्ली, पण दुसऱ्या दिवशी लॅब्रडॉरला पातळ शी झाली आणि चौथ्या दिवशी डब्यातल्या बिस्किटांवर पांढरी बुरशी दिसली. शेजारचे म्हणतात, बिअरमधलं हॉप्स कुत्र्याला विषारी असतं, हे सगळंच फेकून द्या. भाऊ म्हणतो, गाई रोज खातात, काही होत नाही. खरं काय? आम्ही घरात अंडं आणत नाही, त्याशिवाय जमेल का? (बाणेरहून एक वाचक)

दोघांचंही अर्धं खरं आहे. आधी हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचं पाहू, कारण बिस्किटांच्या कामात जिवावर बेतेल असा धोका मुख्यतः तिथे आहे.

बिअर करताना दळलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर भिजवतात. या मिश्रणाला मॅश म्हणतात. त्याचं गोड पाणी, म्हणजे वर्ट, गाळून दुसऱ्या भांड्यात घेतात आणि मागे राहतो तो चोथा. हॉप्स पडतं ते नंतर, वर्ट उकळायला लागल्यावर. म्हणजे नेहमीच्या पद्धतीत चोथ्याचा आणि हॉप्सचा संबंधच येत नाही. चोथ्यात यीस्टही नसतं, दारूही नसते. इथपर्यंत तुमचा भाऊ बरोबर आहे.

गडबड होते ती चोथा टाकायच्या पिंपात. उकळीनंतर किटलीच्या, म्हणजे वर्ट उकळायच्या भांड्याच्या तळाशी हॉप्सचा हिरवट-तपकिरी गाळ बसतो, त्याला ट्रब म्हणतात. चोथा नेहमी गोठेवाल्याकडे जाणार असेल, तर काही ठिकाणी हा गाळही त्याच पिंपात ओततात. मोठ्या ढिगात थोडासा गाळ गेला तर गाईला तो जाणवत नाही. कुत्र्याचं तसं नाही. हॉप्स पोटात गेलं की काही कुत्र्यांचं अंग भराभर तापायला लागतं, धाप लागते, छातीचे ठोके वाढतात, उलट्या होतात, अस्वस्थपणा येतो आणि वेळेत आवरलं नाही तर झटके येऊन मृत्यूही ओढवतो. उकळून झालेलं हॉप्ससुद्धा तितकंच घातक असतं. किती खाल्लं म्हणजे सुरक्षित, असा आकडा कुणी सांगू शकत नाही, आणि ज्या जातींमध्ये हा त्रास जास्त नोंदला गेलाय त्यांत लॅब्रडॉर येतो.

म्हणून भावाला तीन गोष्टी विचारा. चोथा मॅशच्या भांड्यातून थेट काढलेला आहे की पिंपातून? त्या बिअरला मॅशमध्येच हॉप्स टाकलं होतं का? (क्वचित, पण करतात.) आणि मॅशमध्ये माल्टशिवाय आणखी काय होतं? कोको निब्स, कॉफी, मनुका यांपैकी काहीही असेल तर तो चोथा कुत्र्यासाठी बाद. चॉकलेट माल्ट हे नाव ऐकून मात्र दचकू नका. त्यात चॉकलेट नसतं, ती फक्त काळपट भाजलेली बार्ली असते. तरी स्टाउटसारख्या काळ्या बिअरचा चोथा घेऊ नका असंच आम्ही सांगू. तो चवीला मुळातच कडवट असतो, त्यामुळे त्यात हॉप्स मिसळलंय की नाही हे जिभेला कळत नाही. फिक्या बिअरचा चोथा चिमूटभर चावून पाहा: चव बेताची गोड, उकडलेल्या गव्हासारखी लागली पाहिजे. कडू लागला की फेकायचा, त्यात विचार करायचा नाही.

गव्हाच्या बिअरच्या मॅशमध्ये गाळणी मोकळी राहावी म्हणून कधी कधी भाताचं तूसही घालतात. ते पचत नाही आणि टोचतं. सोनेरी, होडीच्या आकाराची टरफलं वेगळी दिसली तर तो चोथा नको.

फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या टाकीच्या तळाचा यीस्टचा गाळ ही आणखी एक गोष्ट ‘पौष्टिक असतो’ म्हणून लोक घरी आणतात. त्यात जिवंत यीस्ट, दारू आणि हॉप्स तिन्ही असतं. कुत्र्याच्या आसपाससुद्धा नको.

आता तुमच्या बिस्किटांचं. पीनट बटरची ती बाटली आत्ताच्या आत्ता काढून मागचं लेबल वाचा. शुगर फ्री पदार्थांत गोडीसाठी झायलिटॉल असू शकतं. माणसाला ते चालतं, कुत्र्याच्या शरीरात मात्र ते इन्सुलिन एकदम वाढवतं आणि रक्तातली साखर कोसळते. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला 0.1 ग्रॅम इतकंच त्रास सुरू व्हायला पुरेसं आहे, म्हणजे तुमच्या लॅब्रडॉरला तीन ग्रॅमच्या आत. त्याच्या पाचपट प्रमाणात यकृत निकामी होण्याची भीती असते. लेबलवर झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ई 967 असं काही दिसलं तर बाटली कुत्र्यांच्या वाटेतून कायमची बाजूला करा आणि झालेला प्रकार डॉक्टरांच्या कानावर घाला. इतक्या दिवसांत दोघंही ठीक आहेत त्याअर्थी ते त्यात नसावं, पण पुढच्या वेळी बाजारचं पीनट बटर आणायचंच कशाला? घरी शेंगदाणे भाजून, सोलून, मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवले की झालं. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही. काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे मात्र एकेक करून निवडा. शेंगदाण्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याच्या यकृताला फार लवकर बाधतं आणि ते भाजल्यानं जात नाही.

बुरशीचं कारण सरळ आहे: तुमची बिस्किटं भाजली गेली, वाळली नाहीत. चोथ्यात वजनाच्या पाऊण हिश्शाहून जास्त पाणी असतं. 180 अंशांवर 25 मिनिटांत वरचा थर कडक होतो आणि आतली ओल त्याच्या मागे कोंडून राहते. हाताला बिस्कीट खणखणीत लागतं, पण डब्यात भरलं की दोन दिवसांत आतली ओल बाहेर झिरपते, आणि पुण्यात पावसाळी हवा असेल तर तेवढंही थांबावं लागत नाही. गरम असतानाच झाकण लावलं असेल तर बोलायलाच नको. बुरशी दिसली त्या दिवशीचा सगळा घाणा फेकायचा. वरचं खरवडून उरलेलं द्यायचं नाही, पुन्हा भाजायचंही नाही. काही बुरशींच्या विषानं कुत्र्यांना थरथर आणि झटके येतात, आणि ते विषही आचेला जुमानत नाही.

पातळ शी बहुधा प्रमाणामुळे झाली. लॅब्रडॉरनं किती खाल्ली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘आवडीनं’ म्हटल्यावर अंदाज येतो. चोथ्यातली साखर पाण्याबरोबर निघून गेलेली असते, त्यामुळे उरतं ते बरंचसं तूस आणि प्रथिनं. सवय नसलेल्या पोटात इतका तंतू एकदम गेला की ते ढवळणारच. दुसरी शक्यता चोथा आंबलेला असण्याची. शनिवारी रात्री आलेला चोथा तुम्ही रविवारी दुपारी वापरला. मधल्या वेळात तो बादलीत होता, आणि त्याआधी ब्रुअरीत किती तास पडून होता कोण जाणे. मॅशमधून निघतो तेव्हा तो सत्तरेक अंशांवर असतो. मोठा ढीग तासन्‌तास कोमट राहतो आणि जिवाणूंना तेच हवं असतं. आधी ताकासारखा आंबूस वास येतो, पुढे खवट लोणी किंवा ओकारीसारखा. यातला पहिला वास आला तरी चोथा वापरू नका. त्याचं खत उत्तम होतं.

आठ किलो आणणंही थांबवा. तेवढ्यात हजाराच्या वर बिस्किटं होतील आणि तुमच्या दोघांना ती पाच महिने पुरतील. दीड किलो भरपूर. भावाला घासलेला, कोरडा स्टीलचा डबा द्या आणि सांगा की मॅशचं भांडं रिकामं करायला सुरुवात झाली की पहिल्या फावड्यातच भरून घे, पिंपातून नको. काम सकाळी आटपत असेल आणि त्याला घरी यायला रात्र होत असेल, तर डबा तिथल्या कोल्ड रूममध्ये ठेवायला सांगा. घरी आल्यावर लगेच परातीत पसरून गार करायचा, पातळ पंच्यात बांधून पिळायचा. चक्का टांगतो तसा नुसता टांगून भागत नाही, हातानं घट्ट पिळावा लागतो. दीड किलोचा साधारण 1 किलो 100 ग्रॅम उरला की पुरे झालं. त्याचे 500 ग्रॅमचे दोन भाग करा. एक त्याच दिवशी किंवा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या सकाळी वापरायचा. दुसरा पिशवीत चपटा दाबून फ्रीझरमध्ये, तिथे तो दोनेक महिने चांगला राहतो. गच्चीवर उन्हात वाळवायचा मोह आवरा. ओला चोथा वाळायच्या आत आंबतो, माश्या बसतात त्या वेगळ्या.

एका घाण्याला पिळलेला चोथा 500 ग्रॅम, कणीक 250 ग्रॅम, दाण्याचं लोणी 120 ग्रॅम. अंड्याऐवजी लाल भोपळा वाफवून, घोटून 60 ग्रॅम घ्या. अंड्याची खरी गरज फक्त बांधणीपुरती असते आणि ती भोपळा भागवतो. भोपळा नसेल तर टेबलस्पूनभर जवस बारीक दळून तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवा, तेही चिकट होतं. मीठ, गूळ, सोडा, कांदा-लसणाची पूड, जायफळ यांतलं काहीच नको.

त्यातला अर्धा चोथा आधी मिक्सरमधून काढा. बार्लीचं तूस लांब आणि टोकदार असतं. अख्खं राहिलं तर हिरड्यांत अडकतं आणि बिस्कीटही त्याच रेषेवर तुटतं. कुत्रं म्हातारं असेल तर सगळाच चोथा वाटून घ्यावा. मग सगळं एकत्र मळा. गोळा पुरीच्या कणकेइतका घट्ट हवा. पाणी आधी घालू नका, चोथाच ओल सोडतो. पाच मिनिटं मळूनही गोळा जमला नाही तर चमच्याचमच्यानं घाला. उलट हाताला चिकटत असेल तर चोथा नीट पिळला गेला नाही. तिथे कणीक वाढवण्यापेक्षा पुढच्या वेळी जास्त पिळा, कारण कणीक वाढली की चोथ्याचं बिस्कीट न राहता कणकेचं होतं.

बटर पेपरवर लाटा. जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, सगळा खेळ तिथेच आहे. सुरीनं चार सेंटिमीटरचे चौकोन पाडा, शंकरपाळ्याचं चक्र असेल तर अधिक सोपं. साधारण 90 होतील. ओटीजी 28 लिटरचा असेल तर एका ट्रेमध्ये चाळीस-पंचेचाळीस बसतात, म्हणजे दोन ट्रे लागतील.

आधी 170 अंशांवर 30 मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटवा. ही आच जंतू मारायला आणि पीठ शिजायला. त्यानंतर खरं वाळवणं: तापमान 100 ते 110 वर आणा, सगळी बिस्किटं जाळीवर घ्या (आता एकमेकांना टेकली तरी चालतात) आणि तीन ते चार तास ठेवा. ओटीजीला वाफ बाहेर जायला वाट नसते, म्हणून दारात लाकडी उलथनं अडकवून बोटभर फट ठेवा आणि कुत्र्यांना स्वयंपाकघराबाहेर. घाई करून तापमान वाढवलंत की तुमचा पहिलाच प्रकार होणार, बाहेरून कडक, आत ओलं. शिवाय दाण्याचं तेल करपून कडवट वास येतो. पंखा असलेल्या ओटीजीत वेळ तासाभरानं कमी होतो. मायक्रोवेव्हवर वाळवू नका, तो बिस्कीट मधूनच जाळतो.

झालं की नाही हे कसं कळणार? वजन करून. कच्चा गोळा 930 ग्रॅमच्या आसपास भरतो, वाळलेली सगळी बिस्किटं मिळून 530 ते 560 ग्रॅम भरली पाहिजेत. काटा 600 च्या वर दाखवत असेल तर अजून एक तास. वजनकाटा नसेल तर एक गरम बिस्कीट काचेच्या बरणीत टाकून झाकण लावा आणि दहा मिनिटांनी पाहा. काचेवर धुकं आलं तर आत ओल आहे. गार झालेलं बिस्कीट मोडताना ‘कट’ असा आवाज यायला हवा. वाकलं तर परत आत. ही परीक्षा गरम बिस्किटावर करू नका, गरम असताना चांगलं वाळलेलंही थोडं मऊ लागतं.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायची. कोरड्या दिवसांत घट्ट झाकणाच्या डब्यात तीन आठवडे, जून ते सप्टेंबर मात्र आठवड्याभराचीच बाहेर आणि बाकीची फ्रीझरमध्ये. डब्यावर तारखेची चिठ्ठी लावा, नाहीतर मागचा आणि पुढचा घाणा एकमेकांत मिसळतो.

आता किती द्यायची. या मापाचं एक बिस्कीट सहा ग्रॅमचं, त्यात वीसेक कॅलरी. खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावा हे सर्वमान्य माप. त्या हिशेबानं 28 किलोच्या लॅब्रडॉरला जास्तीत जास्त सहा, पण ही जात नुसत्या वासानं फुगते असं वाटावं इतकी लवकर सुटते, म्हणून चार. गावठीला तीन. पहिले चार दिवस त्याच्या निम्मी, शी घट्ट राहिली की मग वाढवा. बिस्किटं कोरडी असल्यानं पाण्याचं भांडं भरलेलं ठेवा. शी थोडी जास्त आणि रवाळ होईल, ते तुसामुळे, त्यात घाबरण्यासारखं नाही.

कुत्र्याला पूर्वी स्वादुपिंडाची सूज येऊन गेली असेल, किडनीचा आजार किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. दाण्याचं तेल आणि चोथ्यातली प्रथिनं दोन्ही तिथे अडचणीची. गव्हाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यासाठी कणकेऐवजी ज्वारी किंवा नाचणीचं पीठ चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. बांधणीला चालतं, तेवढ्यासाठी भोपळा थोडा वाढवा. पण बार्लीतही ग्लुटेन असतंच, त्यामुळे पीठ बदलून बिस्कीट ग्लुटेनमुक्त होत नाही. शिवाय गव्हाच्या बिअरचा चोथा असेल तर त्यात निम्मा गहूच असू शकतो, म्हणजे पुढच्या दारानं घालवलेला गहू मागच्या दारानं आत आलाच. ओळखीच्यांना बिस्किटं वाटणार असाल तर बार्ली, गहू, शेंगदाणा एवढं चिठ्ठीवर लिहून द्या.

राहिला अपघात. कधी कुत्र्यानं ब्रुअरीतून आलेला हिरवट गाळ किंवा हॉप्सच्या गोळ्या खाल्ल्या, तर लक्षणांची वाट पाहू नका. त्रास तासाभरात सुरू होऊ शकतो किंवा काही तासांनीही. लगेच डॉक्टरांना फोन करून निघा आणि काय, किती, केव्हा खाल्लं ते सांगा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नका, मीठ स्वतःच विषारी ठरतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश. ते 40 च्या वर चढायला लागलं किंवा थर्मामीटर नसताना धाप थांबेना, तर साध्या पाण्यानं पोट, काखा आणि पंजे भिजवा, गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा किंवा एसी लावा. बर्फाचं पाणी ओतू नका. चोवीस तास सुरू असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर लावलेला असू द्या. भाऊ शनिवारी रात्री येतो, आणि रविवारी बरेच दवाखाने बंद असतात.